मदत हवी आहे: परवान्याचं रिव्हॉल्व्हर आता नकोसं झालंय, विकू की जमा करू?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकतो. लांबेल थोडं, पण अर्धवट सांगितलं तर सल्ला पण अर्धवटच मिळणार म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी जुन्नर तालुक्यातला. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला खरेदी करतो, घरची थोडी शेती पण आहे. माझ्या नावावर .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे, परवाना फेब्रुवारी २०२० चा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, त्यामुळे माझा आता फेब्रुवारी २०२५ ला संपतोय आणि रिन्यूअलचा अर्ज द्यायची वेळ आलीये. आणि मला तो द्यायचा नाहीये. हे हत्यार मला घरात नकोय. घरात माझ्या बाजूने फक्त बायको आहे, बाकी सगळे म्हणतात वेडा झालास का, लोक परवान्यासाठी वर्षानुवर्षं चपला झिजवतात आणि तू मिळालेला सोडतोय.

आता हे कसं झालं ते सांगतो.

आमच्या घरात आजोबांची बारा बोअरची दुनळी आहे, बेल्जियम मेक, शेतसंरक्षणासाठी घेतलेली, आजोबांनंतर अण्णांच्या नावावर आली. लहानपणी दसऱ्याला ती कपाटातून निघायची, आजोबा गजाला चिंधी गुंडाळून नळ्या साफ करायचे, मग पाटावर ठेवून हळदकुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत, फक्त नळीतून उजेडाकडे बघू द्यायचे, आत गोल गोल चकाकणारं दिसायचं आणि तेलाचा वास. तो वास माझ्या डोक्यात इतका बसला होता की मोठा झाल्यावर आपलं स्वतःचं हत्यार असावं हे मी कधी ठरवलं असं नाही, ते आधीपासून होतंच.

मग २०१७ ला मार्केटवरून रात्री घरी येताना दोघांनी मोटरसायकल आडवी घालून बॅग नेली. शेतकऱ्यांचे द्यायचे पैसे होते, दोन लाख चाळीस हजार. मला मारलं वगैरे नाही, नुसता कोयता दाखवला. ते पैसे मी पुढच्या दीड वर्षात फेडले पण त्या रात्रीनंतर अंधारात मागून गाडीचा लाईट आला की माझ्या पोटात गोळा यायचा. २०१८ ला अर्ज केला. पोलीस रिपोर्ट, बँकेचे उतारे, मेडिकल, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, सगळं करून दोन वर्षं गेली. लॉकडाऊन उठल्यावर पुण्याहून घेऊन आलो. देशी बनावटीचं, गोळ्या भरायला मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. त्या रात्री तेलकट कागदातून तीन वेळा काढून बघितलं, खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता.

पहिले दोन-तीन महिने कमरेला लावून मार्केटला गेलो. वाकून कॅरेट तपासायला लागलं की बरगडीला टोचायचं, उन्हाळ्यात घामाने तिथे पुरळ उठलं, ते सोडा. मला लागलं ते वेगळंच. माझ्याकडे एक शेतकरी दहा-बारा वर्षं माल घालतोय, वयाने माझ्यापेक्षा मोठा, आणि भावावरून माझ्याशी रोज भांडायचा, अगदी तोंड वाजवून, वीस किलोच्या कॅरेटमागे दहा रुपयांसाठी. त्या दिवशी मी भाव सांगितला, त्याने माझ्या कमरेकडे बघितलं, आणि "बरं भाऊ" म्हणून चिठ्ठी घेऊन गेला. भांडलाच नाही. पुढच्या आठवड्यात पण तेच. मी त्याला म्हणलं अहो काही बोला तरी, तर नुसता हसला. त्यानंतर मी ते मार्केटला नेणं बंद केलं, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवायला लागलो, मग गाडी सोडून कुठे जायची पंचाईत. चहा प्यायला उतरलो तरी लक्ष गाडीकडे. लग्नाला गेलो तर जेवणाच्या पंगतीतून दोनदा उठून बघून आलो. चुलतभावाच्या वरातीत तर पोरं मागे लागली, एकच बार काढ म्हणून. हवेत गोळी झाडली तर आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच ना. मी नाही म्हणलो तर मग भावकीत आठ दिवस मी वाईट.

पुण्यात रेंजवर पण गेलो, म्हणलं आपल्याला चालवता तरी यायला पाहिजे. पहिला बार झाला तेव्हा कानावर मफ असून छाती हादरली. १५ मीटरवरून सहा गोळ्या, कागदावर दोनच. चाप सरळ ओढला की इतका जड की नळी खाली जाते, घोडा म्हणजे मागचा खटका आधी मागे करून मारलं तर बरं लागतं पण रात्री अंधारात कोण कोयता घेऊन समोर उभं असताना मी घोडा मागे करून, श्वास धरून, नेम धरणार आहे का? दोष रिव्हॉल्व्हरचा नाही, आखूड नळीचं हत्यार असंच असतं असं तिथल्या प्रशिक्षकाने सांगितलं, सराव पाहिजे म्हणाले. पण माझ्या परवान्यावर काडतुसं एका वेळी पंचवीस आणि वर्षाला पन्नास, त्यात काय सराव होणार आणि नारायणगावहून पुण्याला दर आठवड्याला कोण जाणार.

आणि मग मागच्या वर्षीची जानेवारीतली रात्र. यासाठीच खरं तर हा धागा काढलाय.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. पावणेदोनला कुत्री भुंकायला लागली, नेहमीसारखी नाही, एकाच दिशेला. मी उठलो, कपाट उघडलं, हत्यार घेतलं, लाईट न लावता मागच्या दाराने गेलो. गोठ्याच्या पलीकडे शेवग्याखाली कोणीतरी उभं, डोक्यावर काहीतरी गुंडाळलेलं, हातात लांब काठीसारखं. मी ओरडलो कोण आहे, उत्तर नाही. मी घोडा मागे केला. तो आवाज अजून कानात आहे, कट्ट असा, एवढासा. नळी त्याच्याकडे होती आणि बोट चापावर होतं. मग तो वळला आणि म्हणाला, "मी हाय काका, डीपीचा फ्यूज गेलाय, तुमची ब्याटरी देता का."

शेजारचा पोरगा. एकोणीस वर्षांचा. कानटोपीवर मफलर गुंडाळलेला, मोबाईलवर गाणी लावून कानात घातलेली म्हणून ऐकू गेलं नव्हतं, हातात फ्यूज काढायची सुक्या बांबूची काठी. त्याला काही दिसलं नाही अंधारात, त्याला आजपर्यंत माहीत नाही. मी बॅटरी आणून दिली आणि गोठ्यात जाऊन बसलो. घोडा हळू उतरवताना अंगठा थरथरत होता, तो सटकला असता तरी बार झाला असता. चापाला सहज ओढ लागेल इतकंच अंतर होतं हो. त्याची आई रोज सकाळी आमच्याकडे विरजण मागायला येते.

त्यानंतर मी ते लॉकरमध्ये टाकलं, काडतुसं वेगळ्या ठिकाणी, आणि एकदाही बाहेर काढलं नाही. यंदा, २०२४ च्या निवडणुकीला तेवढं निघालं, लोकसभेला आणि मग विधानसभेला, दोन्ही वेळा आचारसंहितेत पोलीस स्टेशनला जमा केलं. आणि मंडळी, ते महिने मी शांत झोपलो. बायकोच्या लक्षात आलं आधी. म्हणाली तुम्ही हल्ली रात्री कपाटाशी जात नाही. मला कळलंच नव्हतं की मी रोज रात्री उठून लॉकरचं हँडल ओढून बघायचो.

ज्यासाठी घेतलं ते कारण पण आता उरलं नाही. मार्केटला आता माझं बहुतेक पेमेंट आरटीजीएस नाहीतर फोनवरून, बॅगेत फारफार तर हमालीचे आणि डिझेलचे पैसे. कोयता दाखवला तर देऊन टाकीन.

तर माझे प्रश्न:

दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल तर शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं एवढं मला समजलंय. हे कोणी केलंय का, का सरळ हत्यारांच्या डीलरला दिलेलं बरं? पैशाचं मला फार नाही, पण चुकीच्या माणसाकडे जायला नको.

परवाना आधी रद्द करायचा का हत्यार आधी द्यायचं? क्रम चुकला तर हत्यार बेकायदा माझ्याकडे राहिलं असं होईल का?

आणि अण्णांची दुनळी. अण्णा ७६ चे आहेत. नियमात सत्तरी झाली किंवा पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं की कायदेशीर वारसाच्या नावावर करता येतं, अण्णांची दोन्हीत बसते. ते म्हणतात तुझ्या नावावर घे. रिव्हॉल्व्हर सोडून दुनळी घेतली तर ऑफिसात विचारतील का की एक नको तर दुसरं कशाला?

---

तीन दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, मनापासून आभार, काहींना वेगळं उत्तर देतो.

ज्यांनी लिहिलं की देऊन टाकण्यापेक्षा बदलून 'प्रबल' रिव्हॉल्व्हर घ्या, २०२३ ला आलेलं, लांब पल्ल्याचं, बाजूला उघडणारं, ५० मीटरपर्यंत मारतं: माहिती बरोबर आहे, माझ्या मेहुण्याने पण तेच सांगितलं. पण दादा, त्या रात्री तो पोरगा माझ्यापासून जेमतेम वीस पावलांवर होता. पल्ला लांब असता तर माझं काय बरं झालं असतं?

बिबट्यासाठी ठेवा म्हणणाऱ्यांना: आमच्या उसात बिबटे आहेत हे खरंच आहे, माणिकडोहचं निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात आहे, आणि रात्रीची लाईट दिवसा करा ही मागणी आम्ही त्याचसाठी करतोय. पण बिबट्या उसातून येतो तो मागून, बसलेल्या नाहीतर वाकलेल्या माणसावर, खिशातलं हत्यार काढायला तो वेळ देत नाही. शिवाय तो वन्यजीव कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे कडक संरक्षण असलेला प्राणी, जीव वाचवताना घडलं तर गोष्ट वेगळी, पण अंधारात खसखस ऐकून गोळी घालणं म्हणजे परत तेच, फ्यूज टाकायला आलेला कोणाचा तरी मुलगा. आम्ही दोघंतिघं मिळून जातो, बॅटरी आणि मोठ्याने बोलत, तेच बरं आहे.

एका ताईंनी विचारलं की तुम्हाला नेमबाजीचीच नावड झाली का. नाही ताई, आणि हा प्रश्न मला आवडला. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं, कोल्हापूरकडचा आपला मुलगा, तेव्हापासून ती मागे लागली आणि मी तिला १० मीटर एअर रायफलला घातलंय. मी पण बाजूला उभा राहून पंधरा-वीस छर्रे मारून बघितले. त्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान. तिथे तासभर गेला ते कळलं नाही. तिथे समोर कागद आहे हे पक्कं माहीत असतं.

अण्णांशी काल बोललो. मला वाटलं चिडतील. त्यांना पहिल्यांदाच त्या रात्रीचं सगळं सांगितलं, तो कोण होता ते पण. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि मग म्हणाले की १९८६ ला डुकरं समजून त्यांनी भुईमुगात बार काढला होता आणि आमच्याच वाटेकऱ्याच्या म्हशीच्या पायात छर्रे गेले होते, म्हशीमागे वाटेकऱ्याची बायको होती. त्यानंतर त्यांनी दुनळी फक्त दसऱ्याला काढली. हे आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं, आईला सुद्धा नाही. मी विचारलं मग माझ्या नावावर कर म्हणून का मागे लागलात, तर म्हणाले वडिलांची वस्तू सरकारात कशी द्यायची. दुनळीचं आमचं अजून ठरलं नाही, दसऱ्याला पाटावर काय ठेवायचं हा त्यांचा खरा प्रश्न आहे. तुमच्याकडे कोणी पूजा कोयत्याची, नांगराची करत असेल तर सांगा, आमच्याकडे पूर्वी विळे-खुरपी पण मांडायचे हे मला आठवतंय, मी ते त्यांच्यापुढे काढून बघणार आहे.

रिव्हॉल्व्हरचं मात्र ठरलं. विकत नाही, डीलरकडे देतोय आणि परवान्यावरून नोंद कमी करायचा अर्ज लिहिलाय. सोमवारी जाणार. मूळ परवाना, खरेदीची पावती, आधार, निवडणुकीतल्या जमा पावत्या एवढं फाईलला लावलंय, अजून काय लागतं? आणि शेवटचं, माझ्याकडे १९ काडतुसं शिल्लक आहेत आणि रेंजवर मारलेल्या ३१ रिकाम्या पुंगळ्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्यात. काडतुसं डीलर हत्याराबरोबरच घेतो का वेगळी पोलीस स्टेशनला द्यायची, आणि पुंगळ्यांचा हिशोब कोणाला दाखवायचा? कोणी अलीकडे पुणे ग्रामीणमध्ये हे केलं असेल तर प्लीज रविवारच्या आत सांगा.