कामाच्या ठिकाणी मन सांभाळताना: तुमचे अनुभव लिहा

कामापायी मन थकलं, त्यातून वाट काढलीत किंवा अजून काढताय, तर इथे लिहा. नाव नको, कंपनी नको. काय झालं आणि कशाने फरक पडला, एवढं पुरे. सुरुवात मी करते.

मी पगारपत्रकं करते. महिनाअखेरचे पाच दिवस धावपळीचे, त्याची सवय होती. पण त्या वर्षी महिनाअखेर संपेचना. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. एकच आकडा चार-चारदा तपासायचे आणि तरी रात्री दोनला उठून लॅपटॉप उघडून पाचव्यांदा बघायचे. एके दिवशी ऑफिसातच छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या आल्या. मला वाटलं, संपलं सगळं. ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "झोप कशी लागते?" मला रडूच फुटलं.

थायरॉइड आणि बी-१२ तपासून त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते: तिथे मिळालेल्या अँटिडिप्रेसंट, म्हणजे नैराश्य-चिंतेवरच्या, गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात नुसती मळमळ होती, मी बंदच करायला निघाले होते. डॉक्टरांना फोन केला म्हणून टिकले. आपल्या मनाने थांबवू नका.

औषधाने झोप आली, पण महिनाअखेर तीच होती. साहेबांना मी आजाराचं नाव सांगितलं नाही. "पगारपत्रक मी एकटी तपासते, आणखी एक नजर हवी," एवढंच मागितलं. आता आम्ही दोघी एकमेकींचं तपासतो. रात्री दोनला उठणं त्यानंतर थांबलं.

*

ताई, मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, अकरा वर्षं. आमच्याकडे पेशंट गेला की चादर बदलायची आणि पुढचा घ्यायचा. एका रात्री एक तरुण मुलगी गेली. तिच्या आईजवळ थोडी थांबले, परत आले तर त्याच बेडवर नवा पेशंट. त्याच्या मनगटाला नावाची पट्टी बांधली आणि तिच्यावर मी त्या मुलीचं नाव लिहिलं. मैत्रिणीने बघितलं, पट्टी कापली, काही न बोलता दुसरी हातात दिली.

मी ते घरी सांगू शकले नाही. आमच्या इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. तेव्हापासून वॉर्डात मृत्यू झाला की त्या बेडची ड्युटी असलेल्या नर्सना सिस्टर पाळीपाळीने दहा मिनिटं बसवतात. फाइल नाही, फोन नाही. पहिले काही दिवस कुणीच बोलायचं नाही, नुसतं बसायचो. तेही लागत होतं.

*

सर्व्हर पडला की फोन माझाच वाजणार, अशी तीन वर्षं काढली. आंघोळीच्या पाण्याच्या आवाजात मला रिंगटोन ऐकू यायची. नळ बंद करून ओल्या अंगाने कान देऊन उभा राहायचो. ध्यान करून बघितलं, धावायला लागलो, दोन्ही चांगलं, पण फोन वाजायचा तो वाजायचाच. शेवटी सर्व्हरकडून दोन महिन्यांत आलेले सगळे इशारे (अलर्ट) कागदावर काढून बसलो. निम्म्याहून जास्त असे होते की सकाळपर्यंत थांबले असते! ते रात्रीचे बंद करून घेतले. आता चौघांत आठवड्याची पाळी आहे, आणि रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा आलेलं चालतं.

*

(धागाकर्ती) मला वाटतं, तुमचं कागद काढून बसणं फार मोलाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून. तीन खुणा दिल्यात: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. कामाचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की हे होतं, असं तिथे म्हटलंय. माणूस कच्चा आहे, असं नाही. तासांचं म्हणाल तर याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर २०२१ मध्ये मांडलेला अंदाज असा, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

मात्र सुट्टीतही उदासी सोडत नसेल, आवडीच्या गोष्टीत जीव रमत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. दाखवून घ्या. आणि जगणं नको असे विचार येत असतील तर आजच जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

*

सगळे म्हणतात, बोला. मी बोललो. साहेब चांगले वागले, खांद्यावर हात ठेवला. पंधरा दिवसांत माझं प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेलं, "तुझ्या तब्येतीसाठी". मग मीटिंगची निमंत्रणंही येईनाशी झाली. म्हणून सांगतो, आधी बाहेरचा डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. ऑफिसात काय हवं ते नेमकं आणि लेखी मागा. कंपनीचा समुपदेशक असेल तर पहिल्याच भेटीत विचारा: मी बोललेलं कुणाकुणाला कळतं?

*

वरचं वाचून राहवलं नाही. मी तसाच साहेब होतो. माझ्या टीममधला एक मुलगा, सगळ्यांत बोलका. हळूहळू मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, उत्तरं "हो सर", "चालेल". मी फक्त चुका मोजत राहिलो. त्याने सांगितलं तेव्हा मनापासून वाईट वाटलं आणि मी त्याचं अवघड काम काढून घेतलं. पुढे कधीतरी तो म्हणाला, "सर, तेवढं एकच काम मला तेव्हा जमत होतं." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आता कुणी असं सांगायला आलं तर मी यादी त्याच्यासमोर ठेवतो आणि विचारतो, यातलं काय ठेवू, काय काढू? तो ठरवतो.

*

कॉल सेंटरला आहे. दिवसभर शिव्या ऐकून गोड बोलायचं. आम्हाला वाईट कॉलनंतर पाच मिनिटं हेडसेट काढायची मुभा मिळाली, ती मागून घेतली. आणखी काही बदललं नाही, पण घरी मुलांवर ओरडणं कमी झालंय.

*

मी तीन दिवस नुसती वाचतेय. उद्या साडेदहाची वेळ घेतलीय डॉक्टरांची. ऐनवेळी काही सुचणार नाही म्हणून कागदावर लिहून ठेवलं: झोप, पाठदुखी, चिडचिड, आणि तो रविवारचा गोळा. जाऊन आले की कळवते.