सरासरी नको, फिफो धरा

म्युच्युअल फंड विकल्यावरचा टॅक्स काढताना तुम्ही सगळ्या एसआयपीच्या (दरमहा हप्त्यांच्या) खरेदीची सरासरी काढून नफा धरलाय ना, तिथंच गडबड आहे हो. इन्कम टॅक्सला फिफो लागतं, म्हणजे जे युनिट आधी घेतले तेच आधी विकले असं धरायचं. आणि तुमची एसआयपी २०१५ची, मग इक्विटी (शेअर्समधल्या) फंडाला ३१ जानेवारी २०१८ची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, पण बघा, समजा २०ला घेतलेलं युनिट त्या दिवशी ४२ होतं नि आता ७०ला विकलं तर खरेदी ४२ धरायची, नफा फक्त २८. मी पहिल्यांदा २०च धरून बसलेलो, फुकटचा टॅक्स भरला :( त्याच फंडाच्या रेग्युलर (एजंटमार्फतच्या) प्लॅनमधून डायरेक्ट (थेट घ्यायच्या) प्लॅनला स्विच केलं असेल तर तीही विक्रीच बरं का. कॅम्स नि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या साइटवर कॅपिटल गेन स्टेटमेंट (विक्रीतल्या नफ्याचा हिशेब) फुकट मिळतं, एक्सेलमध्ये कशाला डोकं फोडताय.