मदत हवी आहे: कुजक्या लाकडातलं नवं यीस्ट, तीन स्ट्रेन आणि अडलेलं वर्णन

नमस्कार. धागा लांब होणार आहे. अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहिते.

दीड वर्षापासून मी कुजक्या लाकडातली यीस्ट वेगळी करते आहे. ओंडका कसा, तर भुंग्यांनी पोखरलेला, बोटाने दाबला की भुगा होणारा. त्यातलं १ ग्रॅम लाकूड २० मिली द्रव माध्यमात जातं. माध्यमात यीस्ट नायट्रोजन बेस ०.६७ टक्के, झायलोज ०.५ टक्के आणि जिवाणू माजू नयेत म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल ०.०२ टक्के. २५ अंशांवर शेकरवर ठेवते, गढूळपणा आला की ताज्या माध्यमात एकदा उतरवते आणि मग वायएम अगारवर रेषा ओढून एकेक वसाहत सुटी करते. ग्लुकोज न घेता झायलोज घेतलं ते मुद्दाम. लाकडातल्या हेमिसेल्युलोजमधून ही साखर सुटते, आणि पावाचं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ती आंबवू शकत नाही. लाकडातच नांदणारी यीस्ट यामुळे पुढे येतात.

अशा चौदा स्ट्रेनपैकी (स्ट्रेन म्हणजे एकेका वसाहतीतून वाढवलेला वाण) तीन एकाच गटात पडतात. त्यांना ल-७, ल-९ आणि ल-३१ म्हणते. पहिले दोन एकाच ओंडक्यातले. ल-३१ पाच महिन्यांनी दुसऱ्या झाडाच्या ओंडक्यातून मिळाला. एनएल१ आणि एनएल४ प्रायमर वापरून डी१/डी२ भागाचे (राइबोसोमच्या जनुकातला, यीस्ट ओळखायला वापरतात तो तुकडा) सिक्वेन्स काढले. सर्वांत जवळची वर्णन झालेली (म्हणजे शास्त्रीय नाव देऊन छापलेली) प्रजाती स्पाथास्पोरा वंशातली आहे आणि ल-७ तिच्यापासून सुमारे ५६० बेसमध्ये (डीएनएच्या अक्षरांत) १३ बदल आणि २ गॅप इतका लांब आहे. म्हणजे नवी प्रजाती, एवढं तरी नक्की वाटतं.

अडचण पुढे आहे. ल-७ आणि ल-९ तंतोतंत सारखे, पण ल-३१ मध्ये ४ बेस वेगळे. १९९८ साली कर्ट्झमन आणि रॉबनेट यांनी घालून दिलेला ठोकताळा आपण सगळेच वापरतो: ० ते ३ बदल असतील तर एकच प्रजाती, ६ किंवा जास्त असतील तर बहुधा वेगळी. माझे ४ नेमके मधल्या फटीत अडकले आहेत. आमचे गाइड म्हणतात ल-३१ सोडून दे, दोन स्ट्रेनवर वर्णन कर आणि मोकळी हो. मला ते पटत नाही. दोन वेगळ्या लाकडांतून तीच गोष्ट पुन्हा मिळाली असेल, तर त्या यीस्टबद्दल मला माहीत असलेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. तीच कशी टाकून देऊ?

दुसरं म्हणजे लैंगिक बीजाणू (अ‍ॅस्कस नावाच्या पिशवीत होतात ते) दिसत नाहीत. कॉर्नमील अगार, ५ टक्के माल्ट अगार, पातळ केलेलं व्ही८ अगार, सगळीकडे दोन महिने पाहिलं. कळ्या येतात, छद्मकवकतंतू (लांबट पेशींच्या माळा) येतात, पण अ‍ॅस्कस नाही.

तिसरं, घाई करून पाठवलेला मसुदा एका नियतकालिकाने परत केला. 'टाइपचा उल्लेख या स्वरूपात राहिला तर नाव वैध ठरणार नाही' असा शेरा होता. (टाइप म्हणजे ज्याला नाव बांधलेलं असतं तो अधिकृत नमुना.) मी लिहिलं होतं: 'टाइप स्ट्रेन ल-७', आणि पुढे दोन संग्रहांचे दोन क्रमांक बरोबरीचं चिन्ह घालून. दोन दिवस मला काही सुचलं नाही. यात चुकलं काय? नाव 'लिग्नोसस' ठरवलं आहे.

प्रतिसाद १

आधी एक तपासा. सर्वांत जवळची प्रजाती तुम्ही कशावरून ठरवली? ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून शोधणाऱ्या साधनात) वर आलेल्या नावावरून ठरवली असेल तर थांबा. जेनबँकेत (सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात) चुकीच्या नावाने चढवलेले सिक्वेन्स भरपूर आहेत. तुलना टाइप स्ट्रेनच्या सिक्वेन्सशीच करायची, आणि वंशातल्या सगळ्या प्रजाती घेऊन नात्यांचं झाड बांधायचं.

आता तुमच्या ४ बेसबद्दल. नऊ हजारांहून जास्त यीस्ट स्ट्रेनच्या बारकोडवर २०१६ साली एक मोठा अभ्यास आला. त्यात प्रजातींची सीमा आयटीएससाठी (राइबोसोमच्या जनुकांमधला पट्टा) ९८.४१ टक्के आणि एलएसयूसाठी (डी१/डी२ याच जनुकात येतो) ९९.५१ टक्के धरली आहे. ५६० मध्ये ४ म्हणजे ९९.३ टक्क्यांच्या आसपास. त्या आकड्याने पाहिलं तर ल-३१ वेगळा निघतो! पण ही सगळ्या यीस्टसाठी मिळून काढलेली सीमा आहे. क्लाव्हिस्पोरा लुसिटानी ही यीस्टची प्रजाती पाहा. एकमेकांशी संकर करणाऱ्या तिच्या स्ट्रेनमध्येही डी१/डी२ कमालीचा बदलता निघाला, २००३ साली ते छापून आलं. मेश्निकोविया पुल्चेरिमाच्या गटात तर एकाच पेशीतल्या आरडीएनएच्या (राइबोसोमच्या जनुकांच्या) प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. एका जनुकाच्या भरवशावर ल-३१ ला आत घेऊ नका आणि बाहेरही काढू नका. आयटीएस करा, टीईएफ१ आणि आरपीबी१ करा. ही शेवटची दोन प्रथिनं बनवणारी जनुकं सुद्धा ल-३१ वेगळा असंच सांगत असतील तर तुमचे गाइड बरोबर. खर्च झेपत असेल तर ल-७ आणि ल-३१ दोन्हींचे जीनोम काढून एएनआय (दोन जीनोममधल्या सारखेपणाची सरासरी टक्केवारी) पाहा. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर एकच प्रजाती मानायला हरकत नाही.

जाता जाता एक, यात मी स्वतः आठवडा घालवला आहे: स्पाथास्पोराचा हा गट सीयूजी कोडॉन (तीन बेसचा शब्द, एका अमिनो आम्लासाठी) ल्युसिनऐवजी सेरिन म्हणून वाचतो. सिक्वेन्सचं प्रथिनात भाषांतर करताना कोड तक्ता १२ निवडा. नाहीतर जागोजागी चुकीची अमिनो आम्लं दिसतील.

प्रतिसाद २

टाइपबद्दल मी सांगतो. यीस्टवाल्यांची ही नेहमीची ठेच आहे आणि तिच्यामुळे छापून आलेली कित्येक नावं नंतर अवैध निघाली आहेत.

यीस्ट ही बुरशी. तिची नावं शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामसंहितेखाली येतात, जिवाणूंच्या संहितेखाली नाही. 'टाइप स्ट्रेन' हा जिवाणूंकडचा शब्द आपल्या तोंडात बसला आहे. आपल्या संहितेत होलोटाइप (नावाचा एकमेव मूळ नमुना) लागतो, आणि जिवंत वाढणारं कल्चर होलोटाइप होऊ शकत नाही. लायोफिलाइज करून (गोठवून वाळवून) किंवा अतिशीत ठेवून त्याचा चयापचय थांबवलेला असेल तर चालतं. १ जानेवारी २०१९ पासून चयापचय थांबवल्याचं वाक्य वर्णनात स्पष्ट लिहावंच लागतं. दुसरी अट अशी की होलोटाइप एकाच संग्रहात असतो आणि त्याच संग्रहाचं नाव द्यायचं. तुम्ही दोन क्रमांक बरोबरीने लिहिलेत, त्यामुळे होलोटाइप नेमका कोणता ते ठरेना. असं लिहा: होलोटाइप अमुक संग्रहातला अमुक क्रमांक, चयापचयदृष्ट्या निष्क्रिय अवस्थेत कायमचा जतन केलेला. मग वेगळ्या वाक्यात, त्यापासून घेतलेली एक्स-टाइप कल्चर अमुक आणि तमुक. दुसऱ्या संग्रहातला क्रमांक तिथे जातो. तो द्याच, एका संग्रहाचा फ्रीझर बंद पडला तरी यीस्ट दुसरीकडे उरतं.

वर्णन लॅटिनमध्ये असण्याची सक्ती २०१२ पासून नाही, इंग्रजी चालतं. मात्र १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या भांडारात नाव नोंदवून मिळालेला क्रमांक मूळ वर्णनात छापावाच लागतो.

आणि नाव. स्पाथास्पोरा स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'लिग्नोसस' नाही, 'लिग्नोसा'. वंशाचं नाव मायसिसने संपलं असतं तर पुल्लिंगी रूप बरोबर होतं. हे नाव त्या वंशात आधी कोणी वापरलं आहे का, तेही भांडारात पाहून घ्या.

धागाकर्ती

दोन्ही प्रतिसाद छापून टेबलासमोर लावले आहेत. खरंच आभार. टाइप स्ट्रेनशी तुलना केली, १३ चा आकडा तोच राहिला. आयटीएस आणि टीईएफ१ साठी नमुने दिले आहेत. ओंडक्यात भुंगे होते हे मी सुरुवातीला ओघात लिहिलं, पण त्याचा काही उपयोग आहे का? अळ्या ठेवल्या नाहीत, याचं आता वाईट वाटतं.

प्रतिसाद ३

भरपूर उपयोग आहे! स्पाथास्पोरा वंशाची पहिली प्रजाती, पासालिडारम, लाकूड खाणाऱ्या पासालिड भुंग्याच्या आतड्यातूनच मिळाली, २००६ साली. लाकूड पोखरणारा किडा आणि झायलोज पचवणारं यीस्ट ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. पुढच्या खेपेला भुंगा, अळी, बोगद्यातला भुगा आणि न पोखरलेलं लाकूड वेगवेगळ्या नळ्यांत घ्या. तुमचं यीस्ट लाकडाचं की भुंग्याचं, हे त्याशिवाय सांगता येणार नाही. वर्णनात 'भुंग्यांनी पोखरलेल्या कुजक्या लाकडातून' असंच लिहा, त्याहून जास्त दावा नको.

बीजाणूंसाठी: तुम्ही प्रत्येक स्ट्रेन एकेकटाच तपासला असं दिसतं. यीस्ट हेटेरोथॅलिक, म्हणजे संकराला दुसरा जोडीदार लागणारं, असेल, तर विरुद्ध मेटिंग टाइप भेटल्याशिवाय वर्षभर वाट पाहिली तरी अ‍ॅस्कस येणार नाही. ल-७ आणि ल-९ एकाच ओंडक्यातले, सिक्वेन्सही एकच, म्हणजे ती एकाच पेशीची लेकरं असण्याची शक्यता बरीच. ल-३१ हाच तुमचा उमेदवार. दोन दिवसांची ताजी वाढ घ्या, ल-७ आणि ल-३१ प्रत्येकी लूपभर एकत्र कालवा आणि पातळ व्ही८ वर ठेवा, एक संच १५ अंशांवर, एक २० वर. शेजारी तिन्ही स्ट्रेन एकेकटेही हवेत, आणि ७ अधिक ९ ही जोडीसुद्धा. दर आठवड्याला ओली स्लाइड करून फेज कॉन्ट्रास्टखाली पाहा. या वंशाचा बीजाणू लांबट, टोकांना वाकलेला आणि अ‍ॅस्कसमध्ये एकच असतो. एकदा पाहिला की विसरत नाही.

नाहीच मिळाला तरी वर्णन अडत नाही. नावापुढे 'फॉर्मा असेक्शुआलिस' लिहायचं, म्हणजे लैंगिक अवस्था दिसलेली नाही हे वाचणाऱ्याला कळतं.

प्रतिसाद ४

नमुना गोळा करण्याची परवानगी कागदावर आहे ना? नागोया करार (दुसऱ्या देशाचे जैविक नमुने घेण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. परदेशातले संग्रह कल्चर घेण्याआधी ती कागदपत्रं मागतात. क्रमांक मिळायला वेळ लागतो, आजच अर्ज करा.

धागाकर्ती (सात आठवड्यांनी)

परवानगीचे कागद पूर्ण झाले. टीईएफ१ मध्ये ल-७ आणि ल-३१ यांच्यात २ बदल आहेत, दोन्ही कोडॉनच्या तिसऱ्या जागी, प्रथिन तेच राहतं. आयटीएस ९९ टक्क्यांच्या वर जुळतं.

आणि पाचव्या आठवड्यात, २० अंशांच्या व्ही८ वर, ल-७ अधिक ल-३१ मध्ये अ‍ॅस्कस दिसला. आत एकच लांब बीजाणू, दोन्ही टोकांना वाकलेला. मी स्लाइडवरून डोळा काढेना, मैत्रिणीला हाक मारली तेव्हा माझा आवाज चढला होता. १५ अंशांच्या संचात अजून काही नाही. एकेकट्या स्ट्रेनमध्ये नाही, ७ अधिक ९ मध्येही नाही.

बीजाणू दिसले म्हणजे एकच प्रजाती सिद्ध झाली असं मी म्हणत नाही. जवळच्या दोन प्रजातींच्या संकरातही अ‍ॅस्कस येतो, पण बीजाणू रुजत नाही. आता ते रुजतात का ते पाहायचं आहे. आमच्याकडे मायक्रोमॅनिप्युलेटर (सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी उचलण्याचं यंत्र) नाही. त्याशिवाय एकेक बीजाणू सुटा करून कोणी रुजवला असेल तर कृपया पद्धत सांगा. विशेषतः एकाच अ‍ॅस्कसमध्ये एकच बीजाणू असताना भोवतालच्या वाढत्या पेशी कशा मारायच्या, हे कळत नाही. उष्णता द्यायची तर किती अंश आणि किती मिनिटं?

गाइडना स्लाइड दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि ल-३१ ला वर्णनात घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, बीजाणू रुजेपर्यंत थांबू. 'फॉर्मा असेक्शुआलिस' हे दोन शब्द मात्र मसुद्यातून काल रात्रीच काढले.