हरल्यावर पोराला गाडीवरच झापायचं का?

शटलबाबा
आमच्या बॅडमिंटनच्या पालकांच्या ग्रुपवर काल एका बाबांनी लांबलचक पोस्ट टाकली. म्हणे पोरगं हरलं की घरी जाताना गाडीवरच सगळ्या चुका काढायच्या, जेवायच्याही आधी, म्हणजे हार डोक्यात पक्की बसते आणि पोरगं कणखर होतं. खाली धडाधड अंगठे. मला राहवलं नाही म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

मध्यंतरी अंडर १३ ची एक मॅच बघत होतो. तिसरा गेम, १७-१९. पॉइंट गेला की हा पोरगा आधी वर गॅलरीत बघायचा आणि मग शटल उचलायचा. सर मागे खुर्चीत बसलेत, त्यांच्याकडे एकदाही नजर नाही. वर बाबा हाताची घडी घालून मान हलवतायत. पुढची सर्व्हिस नेटमध्ये, त्याच्या पुढचा स्मॅश बाहेर, मॅच गेली. दम होता, फटके होते, पण अर्धं लक्ष बाबांच्या चेहऱ्यावर. हरलो तरी घरात काही बदलत नाही हे ज्याला पक्कं माहीत असतं तोच पोरगा १७-१९ ला ड्रॉप, म्हणजे नेटलगत हळूच टाकायचा नाजूक फटका, मारायची हिंमत करतो.

लालमाती
हे सगळे शहरातले लाड. वडलांनी पहाटे अंधारात उठवून तालमीत नेलं नसतं तर मी जिल्ह्यापर्यंतसुद्धा पोचलो नसतो. एकदा जत्रेच्या मैदानात चितपट झालो, घरी येईपर्यंत वडील एक शब्द बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी जोर दुप्पट. रडत रडत मारले पण मारले. आणि साताऱ्याची अदिती स्वामी बघा, २०२३ ला बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन. वडील शिक्षक, पोरीसाठी गाव सोडून साताऱ्यात आले, कर्ज काढलं. आईबापाने मागं लागायचं नाही म्हणता, मग हे कुणी केलं असतं?

शटलबाबा
कर्ज काढू नका, घर हलवू नका असं मी कुठं म्हटलं? आणि तुमच्याच गोष्टीत वडील गप्प राहिले की! तालमीत वस्ताद शिकवत असताना बाप कडेला उभा राहून ओरडतो का, खरं सांगा.

लालमाती
नाही ओरडत. वस्तादापुढं बाप पण गप्प, तेवढं बरोबर आहे तुमचं. पण घरी खुराक, झोप, मोबाइल ह्यावर वडलांचा धाक होता आणि तो पाहिजेच, त्यावर मी हटणार नाही.

ठाण्याची_आई
क्रिकेटर जेमिमा रॉड्रिग्जचं नाव कुणीच कसं काढलं नाही? ३० ऑक्टोबर २०२५, डी वाय पाटील स्टेडियम, महिला वर्ल्डकपची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाचे ३३८ आणि हिच्या नाबाद १२७. नंतर तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की स्पर्धेत जवळजवळ रोज रडत होते, आईला फोन लावून रडायचे. त्याच स्पर्धेत एका मॅचला बाहेर बसवलं होतं, २०२२ च्या वर्ल्डकपला तर टीममध्येच नव्हती. तिच्या आईनं तेव्हा फुटवर्कवर लेक्चर दिलं असतं तर?

पुणे_ट्रॅक
सोयीचं तेवढंच सांगताय. तिचे वडीलच तिचे लहानपणापासूनचे कोच आहेत. म्हणजे वडील चुका काढतच असणार ना?

ठाण्याची_आई
काढत असतील, नेट्समध्ये. रात्री पोर रडत असताना नाही. हा फरक कळत नसेल तर पुढं बोलण्यात अर्थ नाही.

लेगस्पिन७७
तुम्ही सगळे झापणं-न झापणं ह्यावर भांडताय, खरी कीड वेगळीच आहे. वयचोरी! माझा मुलगा अंडर १४ ला ज्या बोलरकडून आउट झाला त्याला चांगली मिशी होती. जन्माचा दाखला मागितला तर एकदम नवा कोरा, उशिरा नोंदवलेला. बाप पोराला शिकवतो की कुणी विचारलं तर हीच तारीख सांग. हे पोरगं कसलं कणखर होणार? राहुल द्रविडनं २०१५ च्या पतौडी व्याख्यानात हेच मांडलं होतं, आईबाप आणि कोच खोटा दाखला बनवताना जे पोर बघतं ते पुढं काय शिकणार.

लालमाती
आता सगळ्या गावाकडच्या पोरांना चोर ठरवा. आमच्या वडलांच्या पिढीत निम्मं गाव १ जूनला जन्मलंय, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. ती चोरी होती का?

लेगस्पिन७७
१ जूनची गोष्ट आजोबांच्या काळची. आता जन्म दवाखान्यात होतो, नोंद तिथंच होते. आणि गावाचं नाव मी घेतलंच नाही, तो बोलर शहरातल्या चांगल्या सोसायटीतला होता. बीसीसीआय १६ वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतं ते उगाच नाही.

पुणे_ट्रॅक
एक्स-रे बीसीसीआयला परवडतो हो. आमच्या जिल्हा ॲथलेटिक्सला स्टॉपवॉच मिळताना मारामार. माझी मुलगी ८०० मीटरला तीनदा एकाच 'अंडर १४' मुलीकडून हरली, जी पुढच्या वर्षी कॉलेजच्या गणवेशात दिसली. मुलीनं स्पाइक्स माळ्यावर टाकले ते टाकलेच. तिला मी कधी झापलं नव्हतं. तेव्हा शटलबाबा, घरचं वातावरण चांगलं असलं की पोर टिकतं हे मला सांगू नका.

ठाण्याची_आई
वाईट झालं. पण तक्रार केलीत का? कागदावर?

पुणे_ट्रॅक
केली. 'पुढच्या वर्षी बघू' असं उत्तर मिळालं. आणि तुम्ही असं विचारताय जणू आम्हीच कमी पडलो.

शटलबाबा
पुणे_ट्रॅक, तुमच्या मुलीवर अन्याय झाला आणि घरच्या वातावरणानं तो भरून निघत नाही, मान्य. वयचोरीचा वेगळा धागा काढा, मी पहिला येऊन लिहीन. पण त्या ग्रुपवरच्या बाबांचं म्हणणं त्यानं खरं ठरत नाही. लालमाती, तुमच्याच कोल्हापूरचा नेमबाज स्वप्नील कुसाळे घ्या. कांबळवाडीतून पोरगा सरकारी क्रीडा प्रबोधिनीत गेला, वडलांनी कर्ज काढलं, आणि पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलच्या आदल्या दिवशी घरच्यांनी फोनसुद्धा केला नाही, त्याला खेळू दे म्हणून. पैसा उभा करणारा बाप आदल्या रात्री फोन खाली ठेवू शकतो. मग अंडर १३ ची मॅच हरलेल्या पोराला जेवून झोपेपर्यंत तरी आपण का सोडू शकत नाही?

लालमाती
जेवून झोपेपर्यंत, चालेल. पण सकाळी साडेपाचला मी उठवणार आणि काय चुकलं ते विचारणार.

ठाण्याची_आई
विचारा. पण उत्तर त्याला देऊ द्या.