वेगवान होमबिल्ट विमान: मालकाला पुन्हा शिकणं सक्तीचं हवं का?

धावपट्टी३५ (धागाकर्ता):
मी टेक्सासमध्ये सहा वर्षं सेसना, म्हणजे कारखान्यात बनलेलं लहान विमान, उडवतोय. आमच्या विमानतळावर एक लॅन्सएअर लेगसी जातीचं होमबिल्ट विमान विकायला आलंय. दोन माणसांचं, ३१० अश्वशक्तीचं, किट आणून गॅरेजमध्ये बांधलेलं. ताशी ४०० किलोमीटरच्या पुढे पळतं. मनात भरलंय.

पण ते उडवायला कायद्यानं काय लागतं ते पाहिलं आणि झोप उडाली. २०० अश्वशक्तीच्या वरच्या इंजिनासाठी प्रशिक्षकाची एक सही, आत घेता येणाऱ्या चाकांसाठी दुसरी. या दोन्ही सह्या मला सेसना १८२ आरजीवर कधीच मिळाल्यात. म्हणजे आज पैसे मोजले तर उद्या सकाळी मी एकटा ते घेऊन उडू शकतो, आधी त्यात एकदाही न बसता!

लेगसीचं भरलेलं वजन जवळपास सेसना १७२ इतकंच, पण पंखाचं क्षेत्रफळ तिच्या निम्म्याहून कमी, म्हणजे हवेत तरायला वेग जास्त लागतो. अमेरिकेची हवाई नियामक संस्था एफएए, तिनं २००९ मध्ये खास लॅन्सएअरबद्दल इशारा दिला होता: होमबिल्ट ताफ्यात ही विमानं ३ टक्क्यांच्या थोडी वर, पण त्याआधीच्या अकरा महिन्यांतल्या जीवघेण्या होमबिल्ट अपघातांत त्यांचा वाटा १६ टक्के.

माझं मत स्पष्ट आहे. २०० अश्वशक्तीच्या वरचं कुठलंही होमबिल्ट एकट्यानं उडवण्याआधी त्याच मॉडेलवर प्रशिक्षण आणि तपासणी सक्तीची करा.

पाना_पक्कड:
पूर्ण असहमत. मी आरव्ही-१० स्वतः बांधलंय, साडेपाच वर्षं रोज संध्याकाळी. इंजिन २६० अश्वशक्तीचं, म्हणजे तुमच्या नियमात मी पहिला अडकणार. आणि विमान कसं? गाईसारखं गरीब. अश्वशक्ती ही मोजपट्टीच चुकीची आहे.

दुसरं, निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलं तरच ते होमबिल्ट ठरतं. त्यानंतर २५ किंवा ४० तास चाचणीची उड्डाणं, कुणालाही फिरायला न नेता. एवढं केलेल्या माणसाला त्याचं विमान कोण शिकवणार? आणि शिकवणारे आहेत कुठे? स्वतःचं होमबिल्ट भाड्यानं देऊन शिकवायचं तर वेगळं परवानगीपत्र लागतं. २०२१ मध्ये तर मालकानं स्वतःच्याच विमानात प्रशिक्षकाला पैसे देऊन शिकायचं, तरी पत्र लागेल असा अर्थ एफएएनं लावला होता. २०२२ अखेर संसदेनं कायदा बदलला तेव्हा ते सुटलं. शिकण्याची वाट ज्यांनी अडवली, त्यांच्याच हाती सक्तीचा दंडुका द्यायचा?

गच्चीवरून:
पाना_पक्कड यांच्याशी सहमत. आपल्याकडचं उदाहरण बघा. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, पण नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. नियम एकदा वाढला की कमी होत नाही.

धावपट्टी३५:
पाना_पक्कड, बांधणाऱ्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण मी कुठे बांधलंय? मी विकत घेणारा आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०११ मधले होमबिल्टचे सगळे अपघात तपासले, त्यातली निम्म्याहून जास्त विमानं दुसऱ्या मालकाकडे गेलेली होती.

गायक जॉन डेन्व्हर आठवा. १२ ऑक्टोबर १९९७, मॉन्टेरीचा उपसागर. २७०० हून जास्त तासांचा वैमानिक. लाँग-ईझी हे दुसऱ्यानं बांधलेलं होमबिल्ट विमान त्यानं नुकतंच घेतलं होतं, आदल्या दिवशी जेमतेम अर्ध्या तासाची ओळख. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायचा दांडा वैमानिकाच्या पुढ्यात होता. बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्यामागे नेलेला, शिवाय तो फिरवायला जड. दांड्यासाठी मागे वळताना विमानावरचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष. बांधणाऱ्याचं ज्ञान बांधणाऱ्याकडेच राहिलं.

वाऱ्याची_लेक:
मी प्रशिक्षक आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माझ्याकडे वेगवान विमानांचे मालक येतात. मी पहिला प्रश्न विचारते, ‘तुमचं विमान स्टॉल झालं, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखांनी उचल सोडली, की कुठला पंख आधी पडतो?’ बरेच जण गप्प होतात. त्यांनी ते कधी करूनच पाहिलेलं नसतं. भीती वाटते, आणि लहान पंखाच्या विमानात ती रास्तही आहे. कारखान्यातलं विमान स्टॉलला कसं वागावं याचे निकष असतात. हाती बांधलेल्या पंखात डावं-उजवं किंचित वेगळं निघतं, त्यामुळे एकाच किटची दोन विमानं वेगळी वागू शकतात.

आता धावपट्टीकडे शेवटचं वळण घ्या. वळण चुकलं म्हणून माणूस विमान आणखी कलतं करतो आणि स्टिक, म्हणजे नियंत्रणाचा दांडा, ओढतो. उंची राखत ६० अंश कललात तर ६० नॉटला (ताशी सुमारे १११ किलोमीटर) येणारा स्टॉल ८५ नॉटलाच येतो. उंची तर काहीशे फूटच उरलेली. आणि जमीन ५० ऐवजी ७० नॉटनं लागली तर आदळण्याची ऊर्जा जवळपास दुप्पट.

अश्वशक्तीची मोजपट्टी चूक, हे खरं. पंखावरचा भार (पंखाच्या क्षेत्रफळामागे वजन किती) किंवा स्टॉलचा वेग धरा. कारखान्यात बनणाऱ्या एका इंजिनाच्या लहान विमानांना वर्षानुवर्षं स्टॉलच्या वेगाची ६१ नॉटची मर्यादा होतीच. आणि पाना_पक्कड दादा, प्रशिक्षक नाहीत म्हणून सक्ती नको, हे मला पटत नाही. लॅन्सएअरच्या मालकांनी २००८ मध्ये संघटना उभी केली आणि ते विमान जाणणारे प्रशिक्षक जमवले. पण तिथे येतात ते मुळातच जपून उडणारे. जो येत नाही त्याचं काय?

पाना_पक्कड:
ताई, जो येत नाही त्याला विमा कंपनी अडवते. बहुतेक जण विम्यासाठी का होईना शिकतात.

वाऱ्याची_लेक:
विमा न काढणाऱ्याला कोण अडवणार? या विमानांना अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो सक्तीचा नाही.

पाना_पक्कड:
बरं. विक्रीच्या वेळी सक्ती असेल तर माझा विरोध नाही. नवा मालक त्या मॉडेलवर शिकल्याचा दाखला देईल, मगच नोंदणी त्याच्या नावावर व्हावी. बांधणाऱ्याला मात्र यातून सोडा.

वाऱ्याची_लेक:
बांधणाऱ्याला सोडायला मी तयार नाही. पाच वर्षं विमान बांधताना त्याचं उडणं सुटलेलं असतं. हात गंजतात आणि पहिलं उड्डाण त्याच हातांनी होतं. २०१४ पासून चाचणीच्या उड्डाणांत जाणकार दुसरा वैमानिक सोबत घेता येतो, तो तरी घ्या.

धावपट्टी३५, तुम्ही विकत घेणारच असाल तर पहिले दोन दिवस इंजिन सुरू करू नका. ज्यांनी बांधलं त्यांना शेजारी बसवा, डोळे मिटा आणि प्रत्येक दांडा हातानं शोधा. वजन आणि तोल नव्यानं मोजून घ्या. मग प्रशिक्षकासोबत दहा हजार फुटांवर जा आणि कुठला पंख आधी पडतो ते इथे कळवा.