वरणाचं पाणी बाळाच्या अंगी लागतं की नुसतं पोट भरतं?

चमचावाटी
सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला महिना-दीड महिना वरणाचं पाणी, भाताची पेज आणि गाजराच्या सुपावर ठेवायची पद्धत आता बंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. डाळ तळाशी बसते आणि वरची निवळ बाळाच्या वाटीत जाते. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. त्या निवळीत त्याहून कितीतरी कमी. म्हणजे वरचं अन्न सुरू करून आपण बाळाला दुधापेक्षा हलकं काहीतरी पाजतो! ७ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर मावतं. ती जागा पाण्याने भरली की बाळ दूधही कमी पितं. सहा ते आठ महिन्यांत दुधाशिवाय रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या पेजेतून निघणार आहेत का?

त्यात लोहाचा प्रश्न. जन्मतः मिळालेला साठा याच सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. मऊ भात-वरण हाताने मोडून, वर तूप घालून द्या. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतपत घट्ट. थोड्या दिवसांनी अंडंही.

पणजीची_वाटी
निवळीवर महिना काढतं कोण? चार दिवस चमच्याची ओळख, बस. तोवर बाळ जिभेने सगळं बाहेरच ढकलत असतं. उष्टावणाला मामाने खीर चाटवली म्हणून दुसऱ्या दिवशी वाटीभर गुरगुट्या भात भरवायचा का? आणि रक्तक्षयाचं खापर आमच्या वरणावर फोडू नका. आईलाच गरोदरपणी रक्त कमी असेल, नाळ घाईने कापली असेल, तर साठा मुळातच तोकडा.

चमचावाटी
नाळेचं आणि आईच्या रक्ताचं म्हणणं खरं आहे. पण साठा तोकडा असेल तर अन्न घट्ट देण्याची घाई जास्त की कमी? आणि चार दिवसांचे महिना होताना मी घराघरांत पाहते, कारण घट्ट दिलं की बाळ ठसकतं आणि सगळे घाबरतात.

शेवग्याची_शेंग
घट्ट अन्नाला पाठिंबा, अंड्याला नाही. आमच्याकडे चालत नाही. नाचणी सत्त्व आहे की! त्यात काय कमी आहे?

चमचावाटी
कॅल्शियम भरपूर आहे, वाद नाही. पण नाचणीतलं फायटेट लोह धरून ठेवतं, त्यामुळे बाळाला मिळतं थोडंच. नाचणी भिजवून मोड आणले की फायटेट घटतं. शिवाय मोडाच्या पिठाची लापशी सैल होते, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त बसतं. आपल्या आज्यांची ही रीत अगदी शास्त्रशुद्ध होती. लिंबाचे चार थेंब टाका, लोह शोषायला मदत होते. पण विकतचं गाळीव सत्त्व आणि साखर म्हणजे नाचणी नव्हे. अंडं नसेल तर डाळीचं प्रमाण वाढवा आणि लोहाच्या थेंबांबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा.

डब्लिनवासी
मोडून तरी का भरवायचं? बाळ आधाराने बसतं, मान सावरतं, हातातलं तोंडात नेतं. उकडलेल्या रताळ्याची बोटभर फोड द्या, खाईल आपलं आपण. उबळ येणं आणि घास अडकणं यात फरक आहे. उबळीत आवाज येतो, बाळ स्वतः घास पुढे आणतं. खरं अडकलं की आवाजच बंद होतो. शेंगदाण्यालाही उगाच भिऊ नका. २०१५ साली लंडनमध्ये ६४० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या या बाळांपैकी ज्यांना लवकर शेंगदाणा दिला, त्यांच्यात पुढे त्याची अ‍ॅलर्जी खूपच कमी आढळली.

पणजीची_वाटी
दाणा? सहा महिन्यांच्या बाळाला?

डब्लिनवासी
अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नकोच. बारीक वाटून, पातळ करून, लापशीत. अंगावर खूप इसब असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

पाड्यावरची_ताई
अंगणवाडी चालवते, म्हणून मध्ये पडते. तुमचा घट्ट-पातळ वाद ज्या घरात आई दिवसभर बाळाजवळ असते, त्या घरातला. आमच्याकडे आई भातलावणीला जाते. बाळ सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती काय भरवणार? चहात बुडवलेलं बिस्कीट. चहामुळे होतं-नव्हतं ते लोहही शोषलं जात नाही. बाळासाठी दिलेलं आहाराचं पाकीट घरातली पाच तोंडं खातात, त्यांनाही भूक आहेच. मी आईला एवढंच सांगते, निघण्यापूर्वी एकदा, आल्यावर एकदा, दोन्ही वेळा तुझ्या हाताने आणि वेगळ्या वाटीत. वाटी वेगळी असली की किती खाल्लं ते कळतं. रताळ्याची फोड द्यायला बघणारं मोठं माणूस समोर लागतं. ते कुठून आणू?

चमचावाटी
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. लावणीच्या दिवसांत तरी पाळणाघर हवं, एवढंच म्हणते.

पणजीची_वाटी
बरं, घट्ट तर घट्ट. मीठ नाही, साखर नाही, मधही वर्षाच्या आत नाही, तेवढं डॉक्टरांनी पटवलंय, मधातून बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो म्हणे. मेतकूट तरी चालेल ना?

चमचावाटी
मीठ-मिरची न घालता घरी केलेलं असेल तर चिमूटभर.

पणजीची_वाटी
बिनमिठाचं मेतकूट! मग तुमचं ते घट्ट बाळाच्या घशाखाली कसं उतरतं तेच बघते.