पुन्हा: पुन्हा: फ्लेमिंगोच्या पायांचं काय?

खजिनदार:
मंडळी, नवी मुंबईत घणसोलीच्या बागेत आपल्या इथल्या परदेशातल्या मंडळातर्फे फ्लेमिंगोचं शिल्प उभारायचं, हे रविवारच्या कॉलवर ठरलं ते ठरलं, तो विषय परत उघडत नाही. पण शिल्पकाराचा निरोप आलाय. पाय फायबरचे की स्टीलचे, शुक्रवारपर्यंत कळवा म्हणतो. फायबर निम्म्यात होतंय. घणसोलीला चौथरा पुढच्या आठवड्यात ओततील आणि बोल्ट त्याआधीच बसवावे लागतात, म्हणून घाई. 'फायबर' किंवा 'स्टील' एवढंच लिहा. नाटकाच्या तिकिटांसारखे शंभर मेल नकोत.

घणसोलीचे काका:
एका शब्दात बसणार नाही, माफ करा. परदेशातून घणसोलीला परत येऊन मला चार वर्षं झाली, ही हवा मी रोज खातोय. आमच्या सोसायटीच्या बागेत फायबरचं हरीण होतं. मागच्या पावसाळ्यात त्याचा पुढचा पाय गेला. आत बघतो तर साधी लोखंडी सळई! फायबरला केसाएवढी चीर गेली की खारं पाणी आत शिरतं, लोखंड गंजून फुगतं आणि वरचं कवच आतूनच फोडतं. पापुद्रे माझ्या हातात आले, बिस्किटासारखे. हरणाचा पाय निदान मनगटाएवढा होता. फ्लेमिंगोचा म्हणजे छत्रीची दांडी. शिवाय पोरं मानेला लटकणार, हे आत्ताच लिहून ठेवा. स्टील. तेही ३१६ प्रतीचं स्टेनलेस, ३०४ प्रतीचं नको.

माजी अध्यक्ष:
काकांशी सहमत. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेत खड्डे पडत नाहीत सहसा. वेल्डिंगच्या जागा नीट घासून साफ करून घ्या, तांबूस डाग तिथूनच सुरू होतात. आणि चुंबक लावून खात्री करू नका, ३०४ सुद्धा चिकटत नाही. मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. हे मी ऑगस्टमध्येच लिहिलं होतं. कुणी वाचलं नाही.

दिवाळी अंकवाल्या वहिनी:
ऑगस्टमध्ये मी पण लिहिलं होतं, की मुळात फ्लेमिंगो कशाला? नवी मुंबईत काय फ्लेमिंगोंचा दुष्काळ आहे? भिंतीवर तो, चौकात तो. नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७० साली, घणसोली गाव त्याच्या कितीतरी आधीचं. मिठागरं होती, होड्या होत्या. काळ्या दगडात मिठाची रास करा, पोरांना वर चढून बसता येईल. पाय मोडायला पायच नाहीत!

सचिव:
वहिनी, मत नोंदवलंय, पण मतदान झालंय. दुसरं म्हणजे उद्यान विभागाच्या पत्राच्या मसुद्यात कुणीतरी 'रोहितचा पुतळा' असं लिहिलंय. फ्लेमिंगोला हा शब्द शुद्ध मराठी आहे हे मान्य, पण वाचणारा क्रिकेटवाला समजेल. माणसाचा पुतळा म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कला संचालनालयाची मान्यता, सगळं आलं. 'फ्लेमिंगो पक्ष्याचे शिल्प' करतेय.

दिवाळी अंकवाल्या वहिनी:
मसुदा मी लिहिला होता. निदान 'अग्निपंख' तरी करा.

एक सभासद (पक्षीनिरीक्षण):
मॉडेलचे फोटो पाहिले. गुडघा पुढे वाकलाय. फ्लेमिंगोचा पाय मधे वाकतो तो गुडघा नसतोच, ती टाच असते, म्हणून मागे वाकतो. खरा गुडघा वर पिसांत असतो. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे जाऊन एकदा बघा म्हणावं.

खजिनदार:
स्टील धरतो. आता वाढीव पैशांचं. सोसायट्यांच्या महासंघाकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची नोंदणी नाही, म्हणजे मंडळाच्या खात्यातून त्यांना देता येत नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले चालतात. ओसीआयवाल्यांचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे, परदेशी देणगीत मोडतात. तर भारतीय पासपोर्टवाल्यांनी हात वर करा.

माजी अध्यक्ष:
म्हणजे आम्ही ओसीआयवाल्यांनी फक्त मेल लिहायचे? पंचवीस वर्षं वर्गणी भरून पाटीवर नाव मात्र ज्यांनी परवा पैसे दिले त्यांचं!

सचिव:
पाटीवर कुणाचंच नाव नाही, फक्त मंडळाचं. हे ठरलंय.

माजी अध्यक्ष:
कुठल्या मीटिंगमध्ये? मला आमंत्रण नव्हतं.

एक सभासद (पक्षीनिरीक्षण):
टाचेचं कुणी कळवलं का त्याला?

घणसोलीचे काका:
आत्ता बागेवरून आलो. मुकादमाने चौथऱ्यासाठी खुणा मारल्यात, वीतभर अंतरावर दोन पाय आणि प्रत्येकाला चार बोल्ट. मॉडेलमध्ये पक्षी एका पायावर उभा आहे की दोन?

खजिनदार:
एका.

घणसोलीचे काका:
मुकादमाला फोन लावतो. उद्या सकाळी ओतणार म्हणत होता.